तेरा की अठरा

(इंडियानातलं हार्लो गाव. फेब्रुवारीतला बुधवार, सकाळचे साडेनऊ. रमोनाच्या खाणावळीतलं खिडकीजवळचं टेबल, बाहेर बर्फ.)

वेंडेल : पळतो म्हणजे काय? कुत्रंही पळतं. पॉइंट गार्ड म्हणजे बास्केटबॉल संघाचा सारथी. त्यानं स्वतः पळायचं नसतं, बाकीच्या चौघांना पळवायचं असतं.

आर्लिस : आणि तुझा ट्रेंट पळवतो, होय? तो चेंडू घेऊन मधल्या रेषेपर्यंत येईतो माझ्या अर्ध्या लाह्या संपतात.

वेंडेल : संपू देत. पण चेंडू येतो. तुझ्या डेव्हिनसारखा समोरच्या संघाला पोचता होत नाही.

आर्लिस : पहिल्या वर्षाला आहे तो. तुझा ट्रेंट पहिल्या वर्षी काय करत होता ते सांगू? बाकावरचे टॉवेल घड्या घालत होता.

वेंडेल : व्यवस्थित घालत होता. माणूस तिथेच कळतो.

आर्लिस : ऐकलंस का, रमोना? टॉवेलच्या घड्यांवरून पॉइंट गार्ड ठरवतोय हा.

रमोना : मी सकाळपासून ऐकतेय. बिस्किटं-ग्रेव्ही तुमची ना, आर्लिस? सर, तुमचा टोस्ट उजव्या हाताला ठेवलाय. कॉफी त्याच्या मागे.

वेंडेल : थँक यू, रमोना.

आर्लिस : हिला बघ, तीस वर्षं झाली शाळा सोडून, अजून 'सर'.

रमोना : भूमितीत पास केलंय त्यांनी मला. तुम्ही काय केलंत? आमच्या कुत्र्याला घाबरून आमचं टपाल शेजारी टाकायचात.

आर्लिस : तो कुत्रा नव्हता, ते वासरू होतं. बरं, मुद्द्यावर या मास्तर. शनिवारी मिलबर्नशी लीगचा शेवटचा सामना. जिंकलो तर लीगमध्ये दुसरे. दुसरे आलो की स्पर्धेचा पहिला सामना इथे, आपल्या जिममध्ये. हरलो की बसमधून तीन तास, आणि तिथे जाऊन मार खाणे. बरोबर?

वेंडेल : आकडेमोड बरोबर.

आर्लिस : आणि मिलबर्नवाले काय करतात? चेंडू आत आला की दोघं-दोघं अंगावर धावून येतात. तिथे तुझी गोगलगाय काय करणार? दोघांच्या मधून सुळकन निघायला डेव्हिनच लागतो.

वेंडेल : दोघं अंगावर आले याचा अर्थ कुठेतरी एक जण मोकळा आहे. मधून निघायचं नसतं, त्या मोकळ्याला शोधायचं असतं. ट्रेंट तो शोधतो. डेव्हिन म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आर्लिस : आपला तो बाब्या आणि एव्हन्सव्हिलहून आलेलं ते कार्टं.

वेंडेल : मी असं काही म्हणालो नाही.

आर्लिस : म्हणत नाहीस, पण ट्रेंटच्या बापाला भूमिती तू शिकवलीस, त्याच्या आजोबांच्या शेतावरचा मका तू खातोस...

वेंडेल : तुला आकडे दाखवतो. आकडे कुणाचा मका खात नाहीत. ही वही. जानेवारीच्या मध्यापासून घरच्या मैदानावर चार सामने झाले. ट्रेंटचे पास एकतीस. डेव्हिनचे चार.

आर्लिस : किती?

वेंडेल : चार.

आर्लिस : अरे, वेन्सबरोच्या सामन्यात एकट्या डेव्हिनचे...

वेंडेल : तुला ते पास वाटले. तू कॉलेजच्या कॉम्प्युटरसारखा आहेस, कुणीही कुणाला चेंडू दिला की टाळ्या. पास म्हणजे हातात पडला की बास्केट. घेणाऱ्यानं मध्ये एकदा आपटला तर माफ. दोनदा आपटला तर ती बास्केट त्याची स्वतःची, देणाऱ्याचा तिथे काही संबंध नाही.

आर्लिस : मला पाठ आहे रे तो नियम. एकतीस वर्षं तुझ्या शेजारी, नवव्या रांगेत बसतोय. झोपेत विचारलंस तरी सांगेन.

वेंडेल : मग वाद कसला? ती बघ भिंतीवरची फळी. एकोणचाळीस नावं आहेत. एकावरही कुणी बोट ठेवलेलं नाही.

रमोना : बाबा म्हणायचे, बास्केट करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, वर्षात सगळ्यात जास्त पास देणाऱ्याचं नाव माझ्या भिंतीवर लागेल. रंगाची डबी काढून ठेवलीय मी. शनिवारी सामना संपला की सरांनी नाव सांगायचं, मी शिडीवर चढायचं.

वेंडेल : सांगेन. या वर्षी तसं अवघड नाही. मी जरा हात धुऊन येतो.

रमोना : सर, डावीकडे... हां. फरशी ओली आहे, सांभाळून.

आर्लिस : गेला का?

रमोना : गेले. अहो, अहो, हे काय करताय? सरांच्या वहीला हात लावताय?

आर्लिस : दार बघत राहा. चार पास म्हणे. मी स्वतःच्या डोळ्यांनी... हे काय? एवढी ढोबळ अक्षरं कधीपासून काढतो हा? पूर्वी मुंगी चालल्यासारखं लिहायचा. इथे बघ, नोव्हेंबरचं पान. आणि हे जानेवारीचं. रंगाऱ्यानं लिहिल्यासारखं.

रमोना : जाड पेन घेतलंय त्यांनी. गेल्या महिन्यात माझ्याच काउंटरवरनं नेलं.

आर्लिस : थांब. वेन्सबरोचा सामना. शेवटची आठ मिनिटं उरली की टाइम-आउट होतो, तिथे हा रेघ मारतो. रेघेच्या खाली तीन पास. तेरा, तेरा, तेरा.

रमोना : तेरा म्हणजे ट्रेंट. मग?

आर्लिस : तू होतीस ना त्या दिवशी? शेवटची आठ मिनिटं ट्रेंट कुठे होता?

रमोना : बाकावर. घोट्याला बर्फ बांधून. त्याची आई माझ्या पुढच्याच रांगेत होती, खेळ सोडून सारखी त्याच्याकडेच बघत होती.

आर्लिस : म्हणजे बाकावर बसल्या बसल्या तीन पास दिले पठ्ठ्यानं.

रमोना : चुकून लिहिलं असेल.

आर्लिस : एक चुकतो. तीन चुकत नाहीत, आणि या माणसाचे तर नाहीच. मी शेजारीच होतो की. पण मी त्याच्याशी बोलत नव्हतो. मध्यंतरात तो माझ्या शेंगदाण्यांच्या पुडीवर बसला. आख्ख्या पुडीवर. वर 'सॉरी' म्हणून पुन्हा बसला. मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

रमोना : पुडी दिसली नसेल त्यांना.

आर्लिस : एवढी मोठी लाल पुडी.

रमोना : आर्लिस, मागच्या गुरुवारी सरांनी कॉफीत मीठ घातलं. दोन चमचे. मी बघत होते. मला वाटलं आता थुंकतील. सगळी प्याले, आणि जाताना म्हणाले, आज कॉफी छान होती.

आर्लिस : मला का नाही सांगितलंस?

रमोना : काय सांगू? मी दुसऱ्या दिवसापासून मीठ टेबलावरून उचललं. आणि कुठे काय ठेवलंय ते सांगायला लागले. तेही 'थँक यू' म्हणतात, कसली विचारपूस करत नाहीत. मग मीही केली नाही.

आर्लिस : आणि मी त्याच्याशी शेंगदाण्यांवरून भांडलो. तरी म्हटलं वहीतले आकडे जानेवारीपासूनच कसे बिघडले. वेन्सबरोच्या आधी काय झालं आठवतं? सेंट ऑल्बनला हरवलं आणि कोचनं पैज पाळली. सगळ्या संघानं डोकी भादरली.

रमोना : कोचनंसुद्धा. त्यांची बायको अजून बोलत नाही.

आर्लिस : त्याआधी ट्रेंटचे ते तांबडे झुलपे असायचे. लांबून आंधळ्यालाही... म्हणजे, कुणालाही कळायचे. आता तो आणि डेव्हिन, दोघं ताडमाड, दोघं काटकुळे, दोघं तुळतुळीत. एकाच्या पाठीवर तेरा, दुसऱ्याच्या अठरा.

रमोना : देवा. मग शनिवारी मी शिडीवर चढून ट्रेंटचं नाव रंगवायचं?

आर्लिस : तेच तर. कॉलेजचे आकडे नेटवर आहेत, कुणीही बघेल. मला राग येतो तो याचाच. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं गावच्या पोराला पुढे केलं आणि बाहेरच्याला डावललं. ज्या माणसानं स्वतःच्या पुतण्याला एक पास कमी पडला म्हणून फळीवर येऊ दिलं नाही. भाऊ दोन वर्षं घरी आला नव्हता त्याच्या.

रमोना : आणि त्या डेव्हिनला काय वाटेल?

आर्लिस : त्याला तर पक्कं ठाऊक असणार. खेळणारी पोरं सगळं मोजतात.

रमोना : सांगा मग त्यांना.

आर्लिस : मी? तू सांग. तुझे सर आहेत.

रमोना : तुमचे मित्र आहेत. आले बघा. वही ठेवा.

वेंडेल : काय कुजबुज चाललीय?

आर्लिस : काही नाही. रमोना म्हणत होती, तू हल्ली गाडी आणत नाहीस. या बर्फात चालत येतोस.

वेंडेल : डॉक्टरनं चालायला सांगितलंय. हृदयाला चांगलं.

आर्लिस : हृदयाला काय झालंय तुझ्या?

वेंडेल : काही नाही. चालतोय म्हणून.

आर्लिस : वेंडेल, वेन्सबरोच्या सामन्यात शेवटी ट्रेंट कसा खेळला रे?

वेंडेल : उत्तम. तीन पास. दुसरा तर असा होता की चेंडू सुटेपर्यंत कुणालाच कळलं नाही तो कुठे जाणार. बघताना छाती भरून आली.

आर्लिस : तो बाकावर होता.

वेंडेल : कोण?

आर्लिस : ट्रेंट. शेवटची आठ मिनिटं. घोट्याला बर्फ लावून. कोचच्या शेजारी.

रमोना : सर, कॉफी देऊ अजून?

वेंडेल : नको. बस तू, रमोना. उभी नको राहूस. तुम्ही दोघांनी वही बघितली.

आर्लिस : मी बघितली. ती नको म्हणत होती.

वेंडेल : आठ मिनिटं?

आर्लिस : पूर्ण.

वेंडेल : मग ते तीन डेव्हिनचे.

आर्लिस : तिन्ही. त्यातला दुसरा, छाती भरून आली तोसुद्धा.

वेंडेल : बरोबर आहे. तसा पास ट्रेंटला जमत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आर्लिस : किती दिवस झाले, वेंडेल?

वेंडेल : नोव्हेंबरात डॉक्टरनं सांगितलं. बुबुळाच्या मागचा पडदा झिजतोय. आंधळा होणार नाही म्हणाली. कडेनं सगळं दिसतं. तू दिसतोस, तुझी ती टोपी दिसते, दुर्दैवानं. पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नेमकं धुक्यात जातं. पास दिसतो. घेणारा दिसतो. देणाऱ्याच्या छातीवरचा नंबर वाचायला गेलो की पुसला.

रमोना : सांगायचं ना, सर.

वेंडेल : सांगून काय? आधी गाडीची किल्ली गेली. त्यानंतर वाचन गेलं. म्हटलं वही तरी राहू दे. आणि जमत होतं गं. इतकी वर्षं कॉलेजच्या जर्सीवर पाचच्या पुढचा आकडाच नसायचा. पंचाला एका हाताच्या बोटांवर दाखवता यावा म्हणून. शून्य ते पाच, बस्स; तेरा चालायचा, अठरा नाही. ते आकडे मला धुक्यातसुद्धा ओळखू यायचे. आता नियम सैल केला, पोरं हवा तो नंबर घालतात. डेव्हिननं अठरा घेतला, म्हणे वाढदिवस अठराचा. तरी निभत होतं, ट्रेंटचे केस होते. त्यांनी डोकी भादरली त्या दिवशी आख्खी जिम हसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. पण आता कोण कुठला ते कळेना.

आर्लिस : आणि मग अंदाजे लिहायला लागलास.

वेंडेल : अंदाजे लिहिलं असतं तर अर्धं तरी बरोबर आलं असतं. मी त्याहून वाईट केलं. चांगला पास दिसला की म्हणायचो, हा ट्रेंटचा असणार. चेंडू वाया गेला की म्हणायचो, हे त्या नव्याचं. डोळ्यांनी नाही, मनानं लिहिलं. तू मघाशी बाब्या म्हणालास ते अगदी बरोबर होतं.

आर्लिस : मी चेष्टेनं म्हणालो रे.

वेंडेल : माहीत आहे. म्हणून जास्त लागलं. लाज वाटते मला, आर्लिस. आयुष्यभर मुलांना सांगितलं, सिद्ध करता येत नसेल तर लिहू नका.

रमोना : मी अजून ते माझ्या मुलांना सांगते.

वेंडेल : शनिवारी नाव नको लावूस, रमोना. या वर्षीची जागा रिकामी ठेव. कुणी विचारलं तर सांग, वही संपली.

आर्लिस : हे बरं आहे. तुझे डोळे बिघडले म्हणून पोरांचं नाव नाही?

वेंडेल : मग कॉलेजच्या आकड्यांवरून लाव.

आर्लिस : त्या यंत्राच्या? त्या हिशोबानं तर गोलरक्षकालाही पास मिळेल.

रमोना : बास्केटबॉलमध्ये गोलरक्षक नसतो, आर्लिस.

आर्लिस : तेच म्हणतोय मी. काहीही देतं ते.

रमोना : मी एक बोलू का? कॉलेज सगळे सामने नेटवर टाकतं. मी दुपारी भांडी आवरताना या टीव्हीवर लावते. चारही सामने आहेत, पहिल्या मिनिटापासून.

वेंडेल : टीव्हीवर मला अजून कमी दिसतं.

रमोना : तुम्हाला नंबर कुठे बघायचाय? नंबर आर्लिस बघतील. छत्तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी, घरांचे नंबर वाचायचंच काम. पास आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं.

वेंडेल : आर्लिस? याला तर डेव्हिनशिवाय मैदानावर कुणी दिसत नाही.

आर्लिस : वा. मी पक्षपाती. आणि हे कोण बोलतंय बघा.

वेंडेल : ते खरं आहे.

आर्लिस : आज बुधवार. रोज सकाळी एक. शनिवारी दुपारच्या आत चारही उरकतील. आणि शनिवारी जिममध्ये मी तुझ्या कानात नंबर सांगेन. पुढच्या वर्षीही सांगेन. फक्त माझ्या शेंगदाण्यांवर बसू नकोस.

वेंडेल : ते शेंगदाणे होते?

आर्लिस : मग काय उशी होती?

वेंडेल : मला वाटलं बाक खराब झालाय. लाव गं, रमोना. आणि ती आधीची चार पानं... नको, फाडू नकोस. त्यांच्यावर एक-एक आडवी रेघ मार आणि खाली माझं नाव घालून लिही, 'चूक, वेंडेल क्रेब्ज'. कुणी बघितलं तर कळू दे.

रमोना : मारते. पहिला कुठला लावू?

आर्लिस : सेंट ऑल्बनच्या नंतरचा पहिला. हां, हाच. आवाज बंद कर, तो समालोचक सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो. वेंडेल, खुर्ची इकडे ओढ. तिरका बस, म्हणजे कडेनं दिसेल.

वेंडेल : दिसतंय. निळे आपण?

आर्लिस : आपण पांढरे. घरच्या मैदानावर पांढरे.

वेंडेल : ते मला ठाऊक आहे. तुझी परीक्षा घेत होतो.

आर्लिस : हा बघ, हा बघ. अठरा. डावीकडे दिला, बास्केट. लिही.

वेंडेल : घेणाऱ्यानं दोनदा आपटला.

आर्लिस : एकदा.

वेंडेल : दोनदा. खांदा दोनदा खाली गेला. नाही धरायचा.

आर्लिस : रमोना, दोनदा आपटला का गं?

रमोना : दोनदा.

आर्लिस : तुम्हा दोघांची शाळा एकच आहे. चल पुढे. हा? तेरा. कोपऱ्यात दिला, थेट बास्केट.

वेंडेल : हा धरायचा. एक, तेरा. पुढे.

आर्लिस : अठरा. आता बोल.

वेंडेल : धरायचा. एक, अठरा. छान दिला. बघ, मी मान्य करतोय.

आर्लिस : उपकार झाले.

वेंडेल : थांब. थांब, हा कोणाचा? असा पाठ फिरवून, न बघता दिला. चेंडू जमिनीला जेमतेम लागला आणि थेट हातात. हे मला पूर्ण दिसलं. केवढा सुंदर दिला. कोण होता?

आर्लिस : गर्दीत होता. रमोना, मागे घे जरा.

रमोना : घेतलं.

वेंडेल : डेव्हिनच असणार. असं न बघता तोच देतो. मघाशी मीच म्हणालो ना, ट्रेंटला जमत नाही.

आर्लिस : असणार-बिसणार नको. परत मागे घे, रमोना. हळू लाव.

वेंडेल : काय झालं? बोल की.

आर्लिस : तेरा.

वेंडेल : तेरा?

आर्लिस : तेराच. तुझी गोगलगाय. लिही.

वेंडेल : दोन, तेरा. तू अठरा म्हणाला असतास तरी मी लिहिलं असतं, आर्लिस.

आर्लिस : ठाऊक आहे रे. म्हणून तर दोनदा बघितलं.